विनोदी मालिकेला आठवडा हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वाहिन्यांवर विनोदी मालिकांना बरे दिवस आले आहेत असा लेखकाचा निष्कर्ष असून, त्याला आधार म्हणून त्यांनी ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दोन कार्यक्रमांची नावे दिली आहेत. हे कार्यक्रम लोकप्रिय आहेत आणि त्यांतले काही नट फार ताकदीचे आहेत, याविषयी दुमत नाही. आमच्याही घरी जेवणाची ताटे त्यांच्यासमोरच मांडली जातात. परंतु ही दोन्ही उदाहरणे मालिकेची नसून प्रहसनांची आहेत, आणि प्रहसनांची चलती हा विनोदी मालिकेच्या भरभराटीचा पुरावा होऊ शकत नाही. उलट, मालिका उरली नाही म्हणूनच प्रहसनाला एवढी जागा मिळाली, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत उभे राहते आणि तेवढ्यातच मोडते. आज पोलीस चौकी, उद्या लग्नाचा मांडव, परवा दवाखाना. तोच नट तिन्ही ठिकाणी वेगळा माणूस असतो. ज्याला जगभर सिटकॉम म्हणतात त्याचे आपण ‘प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका’ असे भाषांतर करतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. या मालिकांत प्रसंग तर दर आठवड्याला बदलतो. बदलत नाही ती स्थिती. तेच घर, तीच माणसे, तीच बेताची मिळकत, तेच एकमेकांशी पटत नसतानाही न सुटणारे नाते. नवा प्रसंग येऊन त्या स्थितीला धक्का देतो, अर्धा तास सगळी उलथापालथ होते आणि अखेरीस मंडळी होती तिथेच परत येऊन बसतात. म्हणून या प्रकाराला ‘स्थितिनिष्ठ’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. (गोव्याच्या राजकारणावर अशी मालिका लिहिणे अवघड आहे, ते याच कारणाने. सकाळचा विरोधक सायंकाळी मंत्री होत असेल, तर भागाच्या शेवटी स्थिती पूर्ववत व्हायची कशी?)

या प्रकाराचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्याला घडवले ते विनोदी लेखकांनी जेवढे, तेवढेच यंत्रांनी, पैशांनी आणि वेळापत्रकाने. बीबीसीने १९४६ साली दाखवलेली, एका दुकानात घडणारी ‘पिनराइट्स प्रोग्रेस’ ही दूरचित्रवाणीवरची पहिली विनोदी मालिका मानली जाते. ती थेट प्रक्षेपित होत असे. प्रयोग झाला की तो हवेत विरून गेला, आपल्या जत्रेतल्या नाटकासारखा. खरा बदल घडला तो अमेरिकेत, १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झालेल्या ‘आय लव्ह लुसी’मुळे. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना ही मालिका हॉलिवूडमध्ये राहूनच करायची होती. त्या काळात कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित करण्याचा प्रघात होता आणि पश्चिम किनाऱ्यावर केलेला कार्यक्रम पूर्वेकडे पाहायचा तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच चित्रित केलेली धूसर प्रत पाहावी लागे. प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीला ते मान्य नव्हते. त्यावर या दांपत्याने सुचवले की मालिका सरळ सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर घ्यावी. खर्च वाढणार होता; त्यासाठी त्यांनी स्वतःचे मानधन कमी करून घेतले आणि बदल्यात भागांची मालकी आपल्या कंपनीकडे ठेवली.

तीन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे आणि समोर खरेखुरे प्रेक्षक बसवायचे, अशी ती पद्धत. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी प्रकाशयोजना बदलत बसले तर प्रेक्षक कंटाळून उठून जाणार. म्हणून ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट चित्रित करणारे छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांनी संपूर्ण सेटवर वरून सारखा प्रकाश पडेल अशी व्यवस्था बसवली. ज्यांनी गावच्या उत्सवात रंगमंच उजळवला आहे त्यांना यातली गोम सांगायला नको. कुठल्याही कोपऱ्यात उभा राहिलेला नट दिसला पाहिजे, एवढाच तो हिशोब. नट नाटकातल्याप्रमाणे सलग प्रवेश करत, प्रेक्षक हसले की थांबत, हसणे ओसरले की पुढचे वाक्य घेत. विनोदाचा ठेका प्रेक्षकाने ठरवायचा, ही रंगभूमीची रीत अशा प्रकारे फिल्मवर उतरली. शिवाय फिल्म शिल्लक राहिल्यामुळे जुने भाग पुन्हा दाखवता येऊ लागले, आणि आज पुनःप्रक्षेपणावर जो एवढा मोठा व्यवसाय उभा आहे त्याची पायाभरणी झाली.

पुढे या हास्याचेच यंत्र झाले. सीबीएस या अमेरिकन वाहिनीतील ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी निरनिराळी हास्ये ध्वनिमुद्रित करून कळ दाबताच उमटतील अशी पेटी तयार केली आणि पन्नाशी-साठीच्या दशकांत कित्येक मालिका प्रेक्षकांशिवायच हसू लागल्या. कोरियातील युद्धछावणीतल्या डॉक्टरांवरची ‘मॅश’ १९७२ साली सुरू झाली तेव्हा निर्मात्यांना हे उसने हसू नको होते. वाहिनीने आग्रह सोडला नाही. अखेर शस्त्रक्रियेच्या दृश्यात तरी कुणी हसणार नाही, एवढी तडजोड झाली. या मालिकेच्या २८ फेब्रुवारी १९८३च्या अखेरच्या भागाला अमेरिकेत दहा कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले. त्याआधी १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ने पूर्वग्रहांनी भरलेल्या बापाला मध्यभागी बसवून वंशद्वेष, युद्ध, स्त्रियांचे हक्क असे विषय दिवाणखान्यात आणले होते, तिची मूळ कल्पना एका ब्रिटिश मालिकेची. ब्रिटिशांनी मात्र थोडक्यात आटोपण्याची शिस्त कायम ठेवली. ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे मिळून केवळ १२ भाग झाले, आणि तेवढ्यावर ती आजही पाहिली जाते. नंतरची ‘साइनफेल्ड’, ‘फ्रेंड्स’ आपल्या तरुण वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. २००१ मध्ये आलेल्या ब्रिटिश ‘द ऑफिस’ने प्रेक्षकही काढला, हास्याची पेटीही काढली आणि एकाच कॅमेऱ्यातून माहितीपट असल्याची बतावणी केली. एवढे सारे बदलले, परंतु दोन गोष्टी टिकून होत्या. स्थिती ठरलेली होती, आणि भाग आठवड्याला एक होता.

आपल्याकडे हा प्रकार नभोवाणीवरून आला. अमेरिकेतही ल्युसिल बॉल आधी नभोवाणीवरच्या विनोदी मालिकेत होतीच. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावोजी, मीनावहिनी आणि पंत यांना, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांना, आम्ही गोव्यात खरखरीसकट ऐकलेले आहे. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अनुक्रमे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने अवतरले, तेव्हा मात्र आमच्या वाड्यावर दूरचित्रवाणी नव्हती. गिरगावातल्या मावशीकडे राहून आलेला चुलतभाऊ आम्हाला तो भाग तोंडी सांगायचा आणि आम्ही त्यावर हसायचो. आमचा पहिला चिमणराव तो चुलतभाऊच.

१९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ आली. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर एकच संच होता, तोही शेजाऱ्यांच्या सोप्यावर. शुक्रवारी रात्री तिथे पंचवीस-तीस माणसे बसत आणि नेमकी वीज गेली तर शेजारी काका, जणू दोष त्यांचाच असावा, तसे ओशाळत. ती मालिका आज आठवताना मला तिची रचना अधिक उलगडते. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी ही घरातली तीन माणसे म्हणजे स्थिती. आणि सतीश शहा दर भागात नव्या अवतारात दार वाजवून आत येत, तो प्रसंग. शरद जोशी यांच्यासारखा कसलेला हिंदी व्यंगलेखक, कुंदन शहा यांच्यासारखे दिग्दर्शक, आणि प्रायोजक विकोसारखा मराठी उद्योग, असा तो योग होता. भाग संपला की सोप्यावरची मंडळी लगेच उठत नसत. ‘आता पुढच्या शुक्रवारी हा कोण होऊन येणार’ यावर बोलणे चाले, आणि ते बोलणे आठवडाभर विहिरीवर, तिठ्यावर, बसमध्ये पुरे.

१९८८ मध्ये ‘वागळे की दुनिया’ आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा विक्री विभागातला साधा कर्मचारी आडनावाने आमच्याकडचाच, त्यामुळे आम्ही त्याला घरचा मानला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी उभ्या केलेल्या त्या संसारात अर्ध्या तासात घडायचे ते एवढेसे असे, की ते दुसऱ्याला सांगायला गेले तर गोष्टच उरत नसे. हेच वागळे कुटुंब २०२१ मध्ये पुन्हा पडद्यावर आले, पुढच्या पिढीसह, परंतु या वेळी जवळजवळ रोज. मालिका वाईट नव्हती. कलाकार तर उत्तमच होते. तरीही शेकडो भागांच्या त्या प्रवासात अपघात, आजार, गुन्हे, सामाजिक संदेश असे सारे काही वागळ्यांच्या दारात येऊन गेले. बिचाऱ्यांना साधेपणाने जगायला उसंतच मिळाली नाही. एकाच कुटुंबाचे हे दोन अवतार शेजारी ठेवून पाहिले, तर मला काय म्हणायचे आहे ते वेगळे सिद्ध करण्याची आवश्यकता उरत नाही.

रोजच्या मालिकेचे गणित विनोदाला मानवत नाही. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे म्हटले की एक कल्पना एका भागात संपवणे परवडत नाही. ती पाच दिवस ताणावी लागते. सोमवारी गैरसमज होतो आणि शुक्रवारी तो फिटतो. मधले तीन दिवस एकेका चेहऱ्यावर तीन-तीन वेळा कॅमेरा मारून आणि ‘ढँण’ असा आवाज काढून काढले जातात. हास्याच्या पेटीला आम्ही नावे ठेवत होतो. हा ‘ढँण’ तर तिच्याहून वाईट, कारण पेटी निदान माणसांच्या हसण्याची होती. शिवाय प्रेक्षक रोज खिळून राहायचा तर उद्याची चिंता पेरावी लागते, आणि चिंता हे रडक्या मालिकेचे बी आहे. ज्या निर्मितीसंस्थेने १९९५ मध्ये अशोक सराफ यांना पाच मुलींचा बाप करून ‘हम पांच’ दिली, तिनेच २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ दिली, हा योगायोग नव्हे. रोजच्या वेळापत्रकात जे पीक येते तेच तिने घेतले. त्यानंतरही अपवाद झाले. अल्फा मराठीवरचे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवावेत. आजोबा, मुलगा, सून, नातू, नात असे पाच जणांचे घर, दिलीप प्रभावळकर यांचे मूळ लेखन आणि केदार शिंदे यांचे दिग्दर्शन. मराठी स्थितिनिष्ठ विनोदाचा तो मला माहीत असलेला सर्वोत्तम नमुना आहे, आणि तो आठवड्याच्या अंतराने यायचा. हिंदीत २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चे सुमारे ७० भाग झाले आणि ती बंद पडली, लोकांनी तिला डोक्यावर घेतले ते नंतर.

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २००८पासून चालू आहे आणि तिचे चार हजारांवर भाग झाले आहेत, मग रोजची विनोदी मालिका चालत नाही असे कसे म्हणता, असा प्रश्न आपले लेखक विचारतील. ती चालते, हे खरे. परंतु तिचा मूळ स्रोत ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकातले तारक मेहता यांचे सदर होते, म्हणजे तीही आठवड्याच्याच मुशीतून निघालेली आहे. आणि तिचे सुरुवातीचे भाग व आताचे भाग एकाच बैठकीत पाहण्याची तयारी असलेल्या गृहस्थाशी मी या विषयावर आनंदाने चर्चा करीन.

आम्हालाही या गणिताचा अनुभव आला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या उत्सवी नाटकातले आम्ही चौघे १३ भागांचा एक आराखडा घेऊन मुंबईतल्या एका वाहिनीच्या कार्यालयात गेलो होतो. आमचे स्वागत चांगले झाले, चहा झाला, आराखडा वाचलाही गेला. मग समोरच्या तरुण बाईंनी विचारले, ‘काका, पाच पात्रांवर तीनशे भाग कसे ओढणार?’ तेरा हा आकडा त्यांना छपाईतली चूक वाटला होता. बाईंचा दोष नव्हता. त्यांच्याकडे आठवड्याची खिडकीच नव्हती. जी होती ती प्रहसनांना आणि गाण्याच्या स्पर्धांना दिलेली होती.

याच ठिकाणी मला गोव्याविषयी बोलायचे आहे. ठरलेल्या माणसाकडून ठरलेल्या गोष्टीची अपेक्षा करावी आणि ती घडताच हसावे, हा आनंद आमच्या लोकांना दूरचित्रवाणीने शिकवलेला नाही. दशावतारी काल्यातला संकासूर दरवर्षी येतो, दरवर्षी तेवढाच आगाऊ आणि तेवढाच भित्रा असतो. तो काय करणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असते. कुठल्या बोलीत आणि गावातल्या कुणाला उद्देशून करणार, एवढेच नवे. उलट तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत नाटकात, दोन पडद्यांच्या मधल्या कांतारांतून (गाण्यांतून) ताज्या घडामोडींवर जे टोले बसतात, ते प्रहसनाच्या जातीचे. म्हणजे हे दोन्ही प्रकार आमच्या मातीत वेगवेगळे नांदत आले आहेत आणि त्यांची सरमिसळ आमचा प्रेक्षक करत नाही. पुरवणीच्या लेखकांनीही ती करू नये, एवढेच माझे म्हणणे.

स्थितीचा तर आमच्याकडे तुटवडाच नाही. चांगल्या विनोदी मालिकेतली माणसे कुठेतरी अडकलेली असतात. छावणीत, हॉटेलात, कचेरीत, संसारात. त्यांना एकमेकांना सोडून जाता येत नाही, म्हणून तर ती हसवतात. पोर्तुगीज काळापासूनच्या वारसाकायद्याने मुलामुलींना सारखाच वाटा देणाऱ्या या भूमीत, वाटणीचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेल्या वडिलोपार्जित घराहून अधिक पक्के अडकणे कुठे सापडेल? विकायचे तर अकरा जणांच्या सह्या हव्यात, दुरुस्त करायचे तर अकरा जणांची वर्गणी. त्यांतला एक इंग्लंडातल्या स्विंडनला, एक मुंबईला, एक त्याच घराच्या माजघरात आणि एक ओसरीवर. वडील वर्तमानपत्राला मराठीत पत्रे लिहितात, रागावतात कोंकणीत आणि मुले उत्तर देतात इंग्रजीत. (माझ्या घरच्यांनी हे वाचू नये.) आमच्या आराखड्यातले घर हेच होते.

मार्गही फार खर्चाचा नाही. ल्युसिल बॉलने १९५१ मध्ये केले तेच करायचे आहे, एक सेट, तीन कॅमेरे आणि समोर प्रेक्षक. मडगाव, कुडचडे, साखळी येथे रवींद्र भवने आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे. आणि सलग प्रवेश न चुकता करणारे, प्रेक्षक हसला की थांबणारे हौशी नट गावोगावी आहेत. मालिकांच्या चित्रीकरणात एकेक वाक्य तोडून घेण्याची सवय लागलेल्या व्यावसायिक नटांपेक्षा या कामाला ते अधिक उपयोगी पडतील, असे मी वीस वर्षे विंगेत उभा राहून पुस्तक धरलेला माणूस म्हणून सांगतो. पणजी दूरदर्शनने आठवड्यातून अर्धा तास द्यावा; १३ भाग, त्यांतले काही मराठीत आणि काही कोंकणीत झाले तरी आमची हरकत नाही, त्या घरात दोन्ही भाषा चालतातच. दूरदर्शनला जमत नसेल तर कला अकादमीने नाट्यस्पर्धेच्या जोडीला हा उपक्रम हाती घ्यावा आणि भाग महाजालावर ठेवावेत. ‘पंचायत’ या हिंदी मालिकेचे २०२० मध्ये पहिल्या हंगामात आठच भाग आले आणि एका खेडेगावाची ती कथा देशभर पाहिली गेली. तेव्हा भाग कमी असले तर प्रेक्षक येत नाही, ही सबब आता चालणार नाही.

आमच्याकडे पहिल्या दोन भागांची संहिता तयार आहे. पहिल्या भागात घराचे छप्पर गळते आणि कौले कुणी बदलायची यावर अकरा वारसांची बैठक भरते. स्विंडनचा भाऊ फोनवरून हजर असतो आणि नेमका मताच्या वेळी त्याचा आवाज जातो. पावसाळ्यापूर्वी चित्रीकरण झाले तर छपरावरून पाणी आम्हाला बालद्यांनी ओतावे लागेल. जूननंतर झाले तर तो खर्च वाचेल, कारण ज्या घरात तालमी चालतात ते तसेही गळते.

आपला नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक
फोंडा, गोवा